सहावी ते आठवीसाठी कागदी मुखवटे: साचा, खळ, वाळवण आणि पस्तीस मिनिटांची तासिका

पाचवी_घंटा (धागाकर्ता)

कागदी मुखवट्याचा उपक्रम बऱ्याच शाळांत होतो आणि बहुतेक वेळा रंगकामाच्या टप्प्यावर येऊन बिघडतो. नाक बसलेलं असतं, कडा आत वळलेल्या असतात, रंगाचे पापुद्रे निघतात. दोष रंगाला दिला जातो, पण काम बिघडलेलं असतं दोन आठवडे आधी, साच्यात नाहीतर वाळवणात. म्हणून हा धागा त्या दोन टप्प्यांवर जास्त बोलण्यासाठी काढला आहे. ज्यांनी वर्गात हे काम करवून घेतलं आहे त्यांनी मापं आणि प्रमाणं यांसकट भर घालावी.

आधी हे काम याच वयाला का, ते सांगतो. अकरा ते तेरा या वयात मुलांना चित्र "खऱ्यासारखं" हवं असतं. ते तसं येत नाही म्हटल्यावर "मला चित्रकला जमत नाही" असं ठरवून कित्येक मुलं वही मिटतात. मुखवट्यात अतिशयोक्ती हाच नियम असल्यामुळे नाक लांबलं, भुवई वाकडी झाली तरी काम पुढे जातं. शिवाय कपाळ, डोळ्याची खोबण, गालाचं हाड हे चढउतार बोटांना कळतात, आणि पुढे व्यक्तिचित्र काढताना ते कामी येतात.

वेळापत्रक असं गृहीत धरलं आहे: वर्गात ५० मुलं, आठवड्याला चित्रकलेच्या दोन तासिका, प्रत्येकी ३५ मिनिटं. वाटप आणि आवराआवर यांत दहा मिनिटं जातात, म्हणजे हातात पंचवीसच उरतात. मुख्याध्यापकांशी बोलून दोन तासिका जोडून मिळाल्या तर पट्ट्या चिकटवण्याच्या दिवशी फार फरक पडतो.

पहिल्या तासिकेत समोरून आणि बाजूने असं दुहेरी रेखाटन. बाजूचं रेखाटन टाळू नका. ते नसलं की मुलं मातीत सपाट थाळी करतात आणि तिच्यावर नाक नुसतं चिकटवतात. दुसरी आणि तिसरी तासिका मातीचा साचा, चौथी आणि पाचवी कागदाचे थर, सहावी मुखवटा सोडवणं आणि कडा, सातवी पांढरा हात (रंगाआधीचा पांढरा लेप), आठवी-नववी रंग, दहावी जोडकाम आणि बांधणी. असे पाच आठवडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केलं तर हवा कोरडी असते आणि डिसेंबरअखेरच्या स्नेहसंमेलनाला मुखवटे तयार असतात. जून-जुलैत हा उपक्रम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साचा: प्रत्येक मुलाकडे परीक्षेचं पॅड असतंच. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून मागे चिकटपट्टी लावली की पाट तयार. पुठ्ठा नको, ओल्या मातीखाली तो मऊ पडतो आणि मधोमध खचतो. पॅडवर वर्तमानपत्राचे बोळे करून मास्किंग टेपने अर्ध्या अंड्याच्या आकाराची घुमटी बांधायची: लांबी १८ सेंमी, रुंदी १३, उंची ५. तिच्यावर शाडूचा एक ते सव्वा सेंमी थर, आणि त्यावर नाक-डोळे. अशी घुमटी केली तर एका मुलाला साधारण सव्वा किलो ओली शाडू लागते. नुसत्या मातीचा भरीव साचा दोन किलोच्या पुढे जातो आणि वर्गाची गरज शंभर किलोवर पोहोचते.

मातीकाम

घुमटीचा उपाय चांगला. त्यात एक भर: बोळे आधी हातात घट्ट चुरगाळून मगच टेपने बांधायचे. सैल राहिले तर माती दाबताना घुमटी खाली बसते आणि मातीच्या थराला तडे जातात. टेप लावल्यावर तळहाताने जोरात दाबून पाहायचं. दबली, तर आणखी एक बोळा आणि आणखी टेप.

साच्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे कुठेही आतल्या बाजूला खाच नको. नाकपुडीच्या खाली, हनुवटीच्या खाली, खालच्या ओठाखाली मुलं बोट घालून पोकळ करतात. कागद त्या पोकळीत शिरतो, वाळून कडक होतो आणि मुखवटा सोडवताना नेमका तिथे फाटतो. तपासायची सोपी युक्ती: साचा बाकावर ठेवून सरळ वरून पाहायचा. वरून न दिसणारी जागा म्हणजे खाच. ती मातीने भरून उताराची करून घ्यायची. मुलांना हे एकदा दाखवलं की ती शेजाऱ्याचा साचाही तपासून देतात.

दुसरी गोष्ट उठावाची. कागदाचे सहा-आठ थर चढले की बारीक तपशील बुजतात. तीन-चार मिलिमीटरची सुरकुती शिल्लक राहत नाही. म्हणून मातीत प्रत्येक उंचवटा हवा त्याच्या दीडपट करायचा. भुवई करंगळीएवढी जाड, ओठ अंगठ्याएवढे. मातीत तो चेहरा जरा बटबटीत वाटतो, कागदात बरोबर येतो.

कोरडी शाडू वर्गात चाळू नका. तिची धूळ श्वासातून आत जाते. बादलीत आधी पाणी घेऊन त्यात पूड हळूहळू सोडायची, हलवायचं नाही, रात्रभर तशीच राहू द्यायची. सकाळी वरचं पाणी काढून मळायची. मळलेली माती कानाच्या पाळीइतकी मऊ हवी. दोन तासिकांच्या मध्ये साचा ओल्या फडक्यात गुंडाळून वरून पिशवी घालायची, नाहीतर तिसऱ्या दिवशी मातीला भेगा पडलेल्या असतात.

काम संपल्यावर माती फेकू नये. वाळवून, फोडून, कागदाचे तुकडे वेचून पुन्हा भिजवली की पुढच्या तुकडीला चालते.

नवा_फलक

धागा वेळेवर आला, यंदा सातवीला हेच घ्यायचं चाललं आहे. दोन शंका. एक, फुगा फुगवून त्यावर कागद लावून अर्धा कापला तर मातीचा सगळा व्याप वाचत नाही का? दोन, खळ नेमकी कशी करायची? मैद्याच्या गुठळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो.

पाचवी_घंटा

फुग्याने वेळ वाचतो, पण चेहरा मिळत नाही. सगळ्या वर्गाचे मुखवटे एकाच गोल गालाचे होतात आणि नाक-भुवया वरून चिकटवाव्या लागतात. वर चिकटवलेला भाग आणि मूळ भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतात, त्यामुळे जोडाशी चीर जाते. शिवाय फुग्यातली हवा उन्हात फुगते, रात्री आकसते. थर ओले असताना फुगा आकसला तर सगळी कवटी सुरकुतते. पाचवीच्या मुलांना दोन तासिकांत प्राण्याचं तोंड करायचं असेल तर फुगा चालेल. सातवीला माती द्या. या उपक्रमात शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं मातीतच आहे.

खळीबद्दल खाली कुणीतरी सविस्तर लिहा.

सागवेल

खळ लिहितो.

एक लिटर खळीला १२० ग्रॅम मैदा. पाण्यातलं २०० मिली थंड पाणी बाजूला काढून त्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. उरलेल्या ८०० मिली पाण्याला उकळी आली की हे मिश्रण बारीक धारेने सोडत सतत ढवळायचं. मंद आचेवर तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन खळ पारदर्शक दिसू लागते. तिथे थांबायचं. उतरवताना एक छोटा चमचा तुरटीची पूड. गुठळ्या होतात त्या मैदा थेट गरम पाण्यात टाकल्यामुळे. त्यातूनही राहिल्याच तर कोमट असताना जाळीच्या गाळणीतून गाळून घ्यायची. निवताना वर साय धरते, म्हणून भांड्याच्या तोंडावर नाही तर थेट खळीच्या पृष्ठभागाला टेकेल असं ओलं फडकं घालायचं.

घट्टपणा ताकाएवढा हवा, दह्याएवढा नको. दाट खळीने पट्ट्या एकमेकींवर सरकतात, सुरकुत्या पडतात आणि वाळायला दुप्पट वेळ लागतो. पातळ खळीने थर वाळल्यावर सुटे होतात.

एका मुलाला एका बैठकीला पावणेदोनशे मिली धरा. पन्नास मुलांना साधारण नऊ लिटर, म्हणजे सव्वा किलोच्या आत मैदा. तुरटीमुळे खळ दोन दिवस टिकते, त्यापुढे तिचा भरवसा धरू नये. त्याच सकाळी करणं उत्तम. जुनी माणसं खळीत मोरचूद घालत, पुस्तकं बांधणारेही घालायचे. मोरचूद विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातात, त्यामुळे शाळेत ते अजिबात वापरू नका. कणीकही नको. तिच्यातला कोंडा कणाकणाने वर येतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

फेविकॉल एक भाग आणि पाणी दोन भाग असंही चालतं. कवच जास्त मजबूत होतं आणि बुरशी कमी लागते, पण पन्नास मुलांच्या हिशेबाने खर्च फार होतो. मधला मार्ग म्हणजे सगळे थर खळीने लावायचे आणि शेवटचा एकच थर फेविकॉलच्या पाण्याने. सरकारी शाळेतल्या कलाशिक्षकाच्या हातात जी रक्कम असते तिच्यात हे बसतं.

पाचवी_घंटा

उत्तम. आता थरांचं लिहितो, कारण मुलं सर्वांत जास्त घाई इथे करतात.

कागद कापायचा नाही, फाडायचा. कापलेल्या कडेला पायरी राहते आणि रंगानंतरही ती रेघ दिसते. फाटलेल्या कडेचे तंतू पातळ होत जातात आणि खालच्या थरात मिसळतात. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं. सरळ फाटण्याची दिशा मुलांना आधी शोधू द्या, मग पट्ट्या भराभर निघतात. अडीच सेंमी रुंद आणि आठ-दहा सेंमी लांब पट्ट्या गाल-कपाळासाठी, आणि नाकाच्या बाजू, डोळ्यांच्या खोबणी, ओठ यांसाठी एक सेंमीचे तुकडे. एका मुलाला मोठ्या वर्तमानपत्राची चार पानं पुरतात. फाडण्याचं काम घरून करून आणायला सांगितलं तर अर्धी तासिका वाचते.

पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता. हा थर मातीला चिकटत नाही, त्यामुळे मुखवटा सहज सुटतो. व्हॅसलीन लावायची गरज पडत नाही. व्हॅसलीनचा तेलकटपणा कागदात झिरपतो आणि आतल्या बाजूला रंग किंवा कापड धरत नाही.

दुसऱ्या थरापासून खळ. पट्टी भांड्यात बुडवून दोन बोटांच्या चिमटीतून ओढायची, म्हणजे जास्तीची खळ भांड्यातच राहते. मुलांना भांड्यातून ठिबकणारी पट्टी लावायला आवडतं आणि नेमकं तेच नडतं. एक थर उभ्या पट्ट्यांचा, पुढचा आडव्या. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढलेली.

थर कुठे संपला आणि कुठे राहिला हे मुलांना कळत नाही. मग कपाळावर दहा थर आणि हनुवटीवर दोन असं होतं. यावर सोपा इलाज: एक थर साध्या वर्तमानपत्राचा, पुढचा गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या अर्थविषयक दैनिकाचा. गुलाबी दिसेनासं झालं की तो थर पुरा. गुलाबी दैनिक न मिळाल्यास वह्यांची पांढरी पानं किंवा खाकी कागद चालतो, मात्र खाकी कागद जाड असल्याने दहा मिनिटं पाण्यात मुरू द्यावा लागतो.

खोबणीत कागद ताणला जाऊन खाली पोकळी राहते. ही पोकळी नंतर बोटाने दाबली की फुटते. म्हणून आधी खोबणीत छोटे तुकडे, ब्रशच्या दांड्याच्या मागच्या टोकाने दाबून, आणि मग बाकीचा चेहरा.

एका बैठकीत चार थर, त्याच्या वर नाही. वाळल्यावर पुढच्या बैठकीत आणखी चार. आठही एकदम लावले तर वरचा थर वाळून कडक होतो आणि आतला ओलावा अडकतो. तो अडकलेला ओलावाच पुढे बुरशी, वास आणि बसलेलं नाक या रूपाने बाहेर येतो.

दर्याकाठ

वाळवणावर कोकणातून थोडं.

देशावर नोव्हेंबरात चार थर दीड-दोन दिवसांत वाळतात. किनाऱ्यावर त्याच महिन्यात तीन दिवस धरा, आणि पाऊस लांबला असेल तर पाच-सहा. पाच दिवस ओल्या राहिलेल्या मैद्यावर काळे-हिरवे ठिपके येणारच. आमच्याकडच्या शाळांनी मैद्याऐवजी फेविकॉलचं पाणी किंवा सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडरची खळ वापरावी. सीएमसी पाण्यात फुगते, शिजवावी लागत नाही. एक लिटर थंड पाण्यात तीस ग्रॅम पावडर भुरभुरत टाकून ढवळायची आणि तासभर ठेवायची. तिला धान्याचा अंश नसल्याने मुंग्या-झुरळं येत नाहीत, आणि वर्गात रात्रभर ठेवलेल्या कामाला हा मोठाच दिलासा आहे.

ऊन दाखवण्याचीही रीत आहे. कडक उन्हात एकाच बाजूने ठेवलं तर ती बाजू आधी आकसते आणि मुखवटा पिळवटतो. सावलीत, वारा असलेल्या व्हरांड्यात ठेवायचं आणि शेवटचे दोन तास फक्त ऊन. पंख्याखाली ठेवल्यास पॅड विटांवर ठेवा, खालूनही हवा खेळू द्या.

वाळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे. टिचकीचा आवाज बद्द आला तरी तेच.

वरची बाजू कोरडी लागली की मुखवटा साच्यावरून सोडवायचा, आत अजून दमट असेल तरी चालेल. साच्यावरच पूर्ण वाळू दिला तर आतली बाजू कधीच वाळत नाही, कारण तिला हवाच मिळत नाही. सोडवल्यावर आतली माती ओल्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्राचे कोरडे बोळे आत भरून पालथा ठेवायचा. बोळ्यांमुळे कडा आत वळत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोळे बदलायचे.

बुरशी दिसलीच तर तिच्यावर रंग मारू नका. रंगाखालून पुन्हा वर येते. डाग बोटाएवढा असेल तर तेवढा भाग फाडून नवीन पट्ट्या लावायच्या. सगळीभर असेल तर तो मुखवटा बाद करावा आणि मुलाला दुसऱ्याच्या साच्यावर नवा करू द्यावा. धुळीसारख्या उडणाऱ्या बुरशीशी मुलांना घासकाम करायला लावू नये.

खडूफळा

नळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. शाडू आणि खळ बेसिनमध्ये गेली की पाइप चोंदतो, आणि मग पुढच्या वर्षी उपक्रमाला परवानगी मिळत नाही. दरवाजात दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात चोळून धुवायचे, दुसरीत विसळायचे, मग नळ. संध्याकाळी पहिल्या बादलीतलं वरचं पाणी ओतून तळातला गाळ शाळेच्या बागेत. प्रत्येक बाकावर एक ओलं आणि एक कोरडं फडकं. आवराआवरीची सूचना घंटेच्या आठ मिनिटं आधी, नेहमी त्याच शब्दांत. साच्याच्या पॅडवर मुलाचं नाव आणि तुकडी मास्किंग टेपवर पेन्सिलने लिहायची, शाईने लिहिलं तर पाण्याने जातं.

रविवारची_शाळा

अमेरिकेतल्या मराठी शाळांसाठी काही भर. आमच्याकडे वर्ग आठवड्यातून एकदाच, दीड-दोन तासांचा असतो. हे या कामाच्या पथ्यावरच पडतं. मधल्या आठवड्यात प्रत्येक थर नीट वाळतो, बैठका पाचच लागतात.

पण दोन सावधगिऱ्या. पहिली, गव्हाची अॅलर्जी किंवा सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार) असलेली मुलं जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात. मैदा ठेवू नका, तांदळाच्या पिठाची किंवा कॉर्नस्टार्चची खळ करा. कॉर्नस्टार्च लिटरला साठ-सत्तर ग्रॅम पुरतं, रीत तीच. दुकानात मिळणाऱ्या वॉलपेपर पेस्टमध्ये बहुधा बुरशीनाशक असतं, मुलांच्या हाताला ती नको.

दुसरी गोष्ट कळकळीने लिहिते. मुलांच्या चेहऱ्यावर किंवा हातावर थेट प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेण्याचे व्हिडिओ पाहून वर्गात तसं करू नका. प्लास्टर घट्ट होताना तापतं, आणि थर जाड असला की भाजण्याइतकं तापतं. २००७ साली इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या एका शाळेत कलेच्या तासाला सोळा वर्षांच्या मुलीने प्लास्टरच्या बादलीत हात बुडवून ठेवले. ते घट्ट झाल्यावर हात निघेनात, आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. घुमटीवरच्या शाडूने जे काम होतं त्यासाठी हा धोका पत्करायचं काहीच कारण नाही.

नवा_फलक

सीएमसी आणि बोळ्यांचा उपाय टिपून घेतला. कडांचं काय करायचं? खालची कड वेडीवाकडी येते. आणि लगदा कधी वापरायचा?

मातीकाम

पट्ट्या साच्याच्या बाहेर पॅडवर दीड-दोन सेंमी येऊ द्यायच्या. सोडवल्यावर पेन्सिलने बाहेरची रेघ आखून कात्रीने कापायचं. मग चार सेंमी लांबीच्या पट्ट्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा दुमडून कडेला गोट घालायचा, दोनदा. हा गोट नसला की कडेचे थर सुटू लागतात आणि पहिल्याच नाचात मुखवटा उलतो.

लगदा फक्त वरच्या नक्षीसाठी: भुवया, मिशीचा पीळ, मुकुटाचे मणी. अख्खा चेहरा लगद्याचा करायला गेलं तर आठवडाभर वाळत नाही आणि आकसताना भेगा पडतात. कागद रात्रभर भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढायचा. पिळलेला लगदा चार वाट्या, फेविकॉल एक वाटी, खडूची भुकटी दोन वाट्या. घरोघरी लगद्याच्या टोपल्या व्हायच्या त्यात भिजवलेली मेथी वाटून घालत, तीही चालते, चिकटपणा येतो आणि किडीला ती आवडत नाही. थर एक सेंमीच्या आत. लावण्याआधी खालची जागा फेविकॉलच्या पाण्याने ओली करून घ्यायची.

गेरू

रंगावर माझे काही मुद्दे, एक-दोन ठिकाणी मतभेदही असतील.

वर्तमानपत्रावर थेट पोस्टर कलर मारू नये. छपाई खालून दिसत राहते आणि कागद पाणी शोषून पुन्हा मऊ पडतो. आधी पांढरा हात हवा: व्हाइटिंग (खडूची पांढरी भुकटी) दोन भाग, फेविकॉल एक भाग, आणि ब्रश सरकेल इतकंच पाणी. पातळ असे दोन हात, मध्ये चार तास. एकच जाड हात दिला तर मुखवटा वाकल्याबरोबर तडकतो. पीओपीचा पांढरा हात काही जण देतात, मला तो पटत नाही. कागद लवचीक, पीओपी ठिसूळ, दोघांचं जमत नाही.

दोन हातांच्या मध्ये पॉलिश पेपर मारायचा असेल तर १२० नंबरचा, वर्गाबाहेर, आणि पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसत. कोरडी भुकटी बंद खोलीत उडवू नये.

स्वस्तातला पर्याय म्हणजे पांढरा इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) आणि त्याला छटा देणाऱ्या स्टेनरच्या ट्यूब. फिके रंग यात सुंदर येतात. पण गडद लाल हवा म्हणून मुलं अर्धी ट्यूब पिळतात आणि रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. स्टेनरमध्ये रंग धरून ठेवणारा पदार्थ नसतो, तो इमल्शनमध्ये असतो. वाटीभर इमल्शनला छोट्या चमच्याहून जास्त स्टेनर नको. गडद रंगांसाठी पोस्टर कलर चार भाग आणि फेविकॉल एक भाग. फेविकॉल घातलेला पोस्टर कलर घामाने हाताला लागत नाही आणि वर वार्निश मारताना पसरत नाही. नुसत्या पोस्टर कलरवर ब्रशने वार्निश फिरवलं की काळी भुवई गालावर येते. विटकरी लालसाठी गेरू आणि फेविकॉल यांच्यासारखं काही नाही, आणि तो मिळतोही कुठेही.

रंगाच्या योजनेत एकच अट घाला: तीन रंग आणि काळा-पांढरा. मुखवटा वर्गाच्या शेवटच्या बाकावरून वाचता आला पाहिजे. दर दहा मिनिटांनी दोन-दोन मुलांनी मुखवटे फळ्याशी धरायचे आणि बाकीच्यांनी मागून पाहायचे. डोळा कुठे संपतो ते दिसत नसेल तर पांढऱ्याशेजारी काळी रेघ हवी. नुसत्या तोंडी सांगण्याने हे पोहोचत नाही, मागच्या बाकावरून पाहिलं की लगेच पोहोचतं.

पाचवी_घंटा

रंगाआधी मुलांना आपल्याकडचे मुखवटे दाखवावेत असं मला फार वाटतं. इंटरनेटवरून आफ्रिकी आणि व्हेनिसचे मुखवटे वर्गात सहज येतात, आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा येत नाही. तिथे लाकडाचे आणि कागदी लगद्याचे मुखवटे घालून गणपती, सरस्वती, नृसिंह, रावण, त्राटिका, महिषासुर अशी सोंगं निघतात, सांबळाच्या तालावर. नाशिकच्या सुरगाणा भागात आणि गुजरातच्या डांगात याच प्रकाराला भवाडा म्हणतात. रत्नागिरीकडच्या नमन-खेळे या लोककलेत संकासुराचा काळा कापडी मुखवटा आणि पांढरी दाढी असते. गोव्यात पेरणी समाजाच्या जागर या लोकनाट्यात लाकडी मुखवटे असतात.

दाखवताना एक भान ठेवावं. बोहाड्यातला मुखवटा देवाचा असतो, त्याची पूजा होते, सोंग घेण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. "चला, आपण बोहाडा करू" असं म्हणून देवाचं सोंग वर्गात उतरवू नये. मोठे डोळे, उठावाच्या भुवया, मुकुटासह उंच झालेला चेहरा, दुरून दिसेल असा रंग हे त्यातून शिकावं आणि मुलांनी आपलं पात्र स्वतः घडवावं. त्या भागातली मुलं वर्गात असतील तर आधी त्यांनाच बोलू द्यावं.

खडूफळा

मूल्यमापनासाठी: आकारिक नोंदी (काम चालू असतानाच्या मूल्यमापनाच्या) टप्प्याटप्प्याने करा. बाजूचं रेखाटन, खाच नसलेला साचा, सगळीकडे सारखे थर, गोट, दुरून वाचता येणारा रंग. फक्त शेवटच्या देखणेपणावर श्रेणी दिली की चांगला हात असलेली तीच चार मुलं पुढे येतात, आणि ज्याने अठ्ठावीस तुकडे लावून खोबणी नीट भरली त्याची नोंदच होत नाही.

नवा_फलक

शेवटचा प्रश्न. डोळ्यांची भोकं कधी पाडायची? आणि नाडी बांधली की मुखवटा खाली घसरतो, डोळे भलतीकडे जातात.

मातीकाम

भोकं पांढऱ्या हाताच्या आधी, म्हणजे कापलेल्या कडा पांढऱ्यात बुजतात. मुखवटा मुलाच्या चेहऱ्याला लावून बाहेरून पेन्सिलने खूण करू नका, ती चुकते. मुलाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. या वयात ते साधारण साडेपाच ते सहा सेंमी असतं. तेवढं अंतर मुखवट्याच्या आतून मधल्या रेघेपासून दोन्हीकडे सारखं वाटून टिंब द्या. रंगवायचे डोळे मोठे आणि जास्त अंतरावर असतील तर पाहायची फट त्यांच्यात न ठेवता खालच्या पापणीच्या सावलीत आडवी पाडा, तीन सेंमी लांब आणि एक सेंमी उंच. पाहणाऱ्याला ती दिसत नाही. नाकपुड्यांपाशी करंगळी जाईल अशी दोन भोकं श्वासासाठी.

कापायचं काम शिक्षकांनी करावं. कंपासच्या टोकाने रेघेवर जवळजवळ भोकं पाडून मग कटर फिरवला तर घसरत नाही. आत ठोकळा किंवा जुनी जाड वही धरायची, हात नाही.

घसरतो तो नाडी कानाच्या खाली लावल्यामुळे. नाडीची भोकं डोळ्यांच्या रेघेपेक्षा दोन सेंमी वर आणि कडेपासून दीड सेंमी आत हवीत. भोकाभोवती आतून पुठ्ठ्याची चकती चिकटवा, नाहीतर तिथून कागद चिरतो. इलॅस्टिक एक सेंमी रुंदीचं घ्या, बारीक गोल इलॅस्टिक केसांत रुततं. तिसरी पट्टी कपाळाच्या मध्यापासून डोक्यावरून मागे नेऊन त्याच इलॅस्टिकला शिवली की मुकुटाचं वजनही पेलतं. आतून कपाळाला आणि दोन्ही गालांना एक सेंमी जाडीचे स्पंजचे तुकडे चिकटवा. मुखवटा नाकावर टेकत नाही आणि श्वासाची वाफ आत कोंडत नाही. स्पंज नाचाच्या तालमीनंतर बाहेर काढून वाळवता यावा म्हणून फेविकॉलऐवजी दुहेरी चिकटपट्टीने लावा.